शॉकअप बदलताना सस्पेन्शनचे बोल्ट आवळणं

कारचा पुढचा शॉकअप घरी बदलताना काढलेले नट-बोल्ट परत किती आणि मुख्य म्हणजे कधी आवळायचे, ही त्या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे, स्वतः पाना हातात घेणारे भरपूर आहेत, ट्रॅक्टर आणि मोटारपंप खोलायची सवय असतेच, त्यामुळे कारला हात लावायची भीती वाटत नाही. पण इथे नुसता जोर लावून भागत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना, मारुती 800 पासून वॅगनआर, स्विफ्टपर्यंत, पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने 1940 च्या दशकात ही रचना तयार केली आणि 1950 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सुल, झेफिर या गाड्यांत ती दिसली. शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, वरून तो बॉडीला माउंटिंगने धरलेला, खाली नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागाला, बहुतेक वेळा दोन जाड बोल्टांनी. नकल खालून बॉल जॉइंटने लोअर आर्मला, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या आडव्या दांड्याला, आणि लोअर आर्म आतल्या बाजूला रबरी बुशांवर हलतो.

खरी गोम या बुशात आहे. बऱ्याच गाड्यांत बुशाचं रबर आतल्या लोखंडी नळीला पक्कं चिकटवलेलं असतं, बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये दाबून बसते आणि ज्या कोनात आवळली त्याच कोनात राहते, नंतर आर्म वरखाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळतं. आता गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं, आर्मही खाली लोंबतो. तशातच बोल्ट फुल आवळला आणि गाडी खाली सोडली तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच राहणार, आणि चाळीसगावहून कन्नड घाट किंवा शहाद्याकडून तोरणमाळ चढताना खड्ड्यात गेली की त्यावर आणखी पीळ. मग बुश लवकर फाटतो, खालून खडखड सुरू होते, आणि माणूस नव्या शॉकअपला शिव्या घालतो.

म्हणून बुशातून जाणारा बोल्ट आधी हाताने आणि मग हलका पाना लावून नुसता बसवायचा, शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. पण सगळ्याच बोल्टांना हा नियम नाही, इथे बराच गोंधळ होतो. स्ट्रट आणि नकलचे दोन बोल्ट लोखंडाला लोखंड दाबतात, मध्ये रबर नाही, ते गाडी वर असताना फुल आवळले तरी चालतात. स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांडीच्या, लिंक रॉडला टोकाला बॉल जॉइंट असेल तर तिथेही फरक पडत नाही. नुसता पुढचा स्ट्रट बदलला आणि लोअर आर्मच्या बोल्टला हातच लावला नाही तर तो प्रश्नच येत नाही. मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या कडीत, मात्र रबरी बुश असतो, तिथे हा नियम पाळायचाच.

घरी वजन आणायचं कसं? सगळ्यात बरं म्हणजे चाकं लावून गाडी मजबूत रॅम्पवर चढवायची, चारही चाकं टेकलेली, बॉडी दोनचार वेळा दाबून सोडायची आणि मग आवळायचं. डिकीत पोती वगैरे भरलेली नकोत, गाडी नेहमीच्या उंचीला बसलेली पाहिजे. अंगणात काळी माती असेल तर जॅकखाली जाड फळी टाका, नाहीतर तो रुततो. आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीच शिरू नये, गाडी धरून ठेवणारे जॅक स्टँड नसतील तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, उन्हातली गाडी आणि पाने हात भाजतात आणि माणूस घाई करतो, म्हणून पहाटेच सुरू केलेलं बरं.

किती आवळायचं ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि तोच आकडा धरायचा. अंदाज यावा म्हणून, अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला 20 किलोचा जोर दिला की साधारण 98 न्यूटन-मीटर (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजायचं माप) होतात. लावलेल्या जोरातला जवळपास 90 टक्के आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो तो थोडाच, म्हणून आट्यांत तेल गेलं तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलने सांगितलं नसेल तर आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडेच ठेवा. गंजलेला बोल्ट आणि नायलॉनची रिंग असलेला नट एकदा काढला की नवा टाकायचा, काही रुपयांसाठी तिथे हात आखडू नये. नकलच्या बोल्टांच्या डोक्याखाली बऱ्याचदा दाते असतात, त्यामुळे बोल्ट धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा.

स्ट्रटच्या वरच्या टोकाला शॉकअपच्या रॉडवर जो मधला नट असतो, त्याच्याबद्दल वेगळंच सांगावं लागतं. स्प्रिंग कंप्रेसरने दाबून तिचा जोर माउंटिंगवरून पूर्ण निघाल्याशिवाय तो सोडायचाच नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जिवाला मुकू शकतो. कंप्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावून आळीपाळीने थोडंथोडं फिरवायचं. परत बसवताना रॉड ॲलन कीने धरून नट साध्या पान्याने हाताने आवळा, इम्पॅक्ट गनने रॉड गरगर फिरतो आणि आतलं सील खराब होतं.

नकलच्या भोकांत बोल्टाला थोडी जागा असते आणि तेवढ्यानेही कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो. काढण्याआधी मार्करने खूण केली, परत त्याच खुणेवर बसवलं, तरी व्हील अलाइनमेंट करावीच लागते. जवळ सोय नसेल तर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारपर्यंत गाडी हळू न्यायची, हवा आधी बरोबर करून, आणि पुढे 50 ते 100 किलोमीटर झाले की चाकांचे नट परत एकदा टॉर्क पान्याने बघायचे.