सिम्प्सन, जॉन (गाढववाला सैनिक)

सिम्प्सन, जॉन : (६ जुलै १८९२ – १९ मे १९१५). पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या आघाडीवर गाढवाच्या पाठीवरून जखमींना किनाऱ्यावर पोहोचवणारा ऑस्ट्रेलियन सैनिक. पूर्ण नाव जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक. जन्म इंग्लंडच्या ईशान्येकडील साउथ शील्ड्स या बंदरगावी, स्कॉटिश आईवडिलांच्या पोटी. तेथे उन्हाळ्यात वाळूवर गाढवांची सवारी चाले आणि शाळकरी जॉन (घरचा ‘जॅक’) ती गाढवे सांभाळी. हे कसब पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडले.

व्यापारी जहाजावर नोकरीला लागून १९१० मध्ये तो ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरी पोहोचला आणि तेथेच जहाज सोडून पळाला. नंतरची चार वर्षे त्याने ऊसतोडणी, कोळशाच्या खाणी, किनारी जहाजांची भट्टी असे मिळेल ते काम केले. आईला तो नियमित पैसे पाठवी. पत्रांतून बड्या लॉर्ड-ड्यूकांना हुसकावणारी क्रांती इंग्लंडात व्हायला हवी, असेही लिही. स्मारकांवरच्या सौम्य सिम्प्सनशी हा माणूस फारसा जुळत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये पर्थजवळ तो सैन्यात भरती झाला, तेव्हा त्याने आडनाव गाळून नुसते ‘जॉन सिम्प्सन’ लिहिले. जहाजावरून पळाल्याचे उघड होऊ नये, हे त्यामागचे कारण असावे. फुकटात मायदेशी जाता येईल ही त्याची आशाही फोल ठरली, कारण फौज इजिप्तमध्येच उतरवली गेली. तो तिसऱ्या फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे रणांगणावरील वैद्यकीय तुकडीत, स्ट्रेचर उचलणाऱ्यांपैकी एक होता.

२५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या अँझॅक खाडीत (अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची संयुक्त फौज) फौजा उतरल्या. चढ उभा, स्ट्रेचर अपुरे आणि ते उचलणारेच गोळ्यांना बळी पडत होते. सिम्प्सनने एक गाढव हाताशी धरले आणि पायाला जखम झालेल्यांना त्यावर बसवून मोनॅश दरी व श्रॅप्नेल घळीतून खाली आणायला सुरुवात केली. एका स्ट्रेचरला किमान दोन माणसे लागत, इथे एकट्याचे भागत होते. गाढवाचे नाव कोणी डफी सांगतात, कोणी मर्फी, कोणी अब्दुल; गाढवे एकाहून अधिक असल्याने हा घोळ झाला असावा.

आपल्या तुकडीत न राहता त्याने मुक्काम टाकला तो हिंदुस्थानी सैन्याच्या २१व्या कोहाट पहाडी तोफखान्याच्या तळावर. तेथे तोफा वाहणारी खेचरे होती, म्हणजे चाऱ्याचीही सोय होती. तिथले जवान त्याला ‘बहादूर’ म्हणत. कॅनबेरा आणि मेलबर्नच्या पुतळ्यांच्या गर्दीत हा शेजार सहसा विसरला जातो.

१८-१९ मेच्या रात्री सुमारे ४२,००० तुर्की सैनिकांनी अँझॅक आघाडीवर हल्ला चढवला. १९ मेच्या सकाळी सिम्प्सन नेहमीच्या वाटेने वर गेला. न्याहारी तयार नव्हती, तेव्हा परत आल्यावर चांगले जेवण मिळायला हवे, असे तो म्हणाल्याचे सांगतात. मशीनगनच्या माऱ्यात तो ठार झाला. वय २२, आघाडीवरचे दिवस जेमतेम पंचवीस. दुसऱ्याच दिवशी कर्नल जॉन मोनॅश याने त्याच्या कामाची दखल घेण्याविषयी वरिष्ठांना लिहिले.

पुढची कथा प्रचाराने वाढवली. त्याने ३०० जीव वाचवले, हा आकडा आजही सर्रास सांगितला जातो. त्या धामधुमीत कोणी मोजदाद ठेवली नव्हती. चित्राची गंमत तर आणखी निराळी. होरेस मूर-जोन्स याचे ‘सिम्प्सन आणि गाढव’ म्हणून गाजलेले चित्र ज्या छायाचित्रावरून रंगवले, त्यातला माणूस न्यूझीलंडचा रिचर्ड हेंडरसन आहे. सिम्प्सननंतर तोही गाढवावरून जखमी वाहत होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च शौर्यसन्मान देण्याची मागणी अनेक दशके चालली. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सन्मानविषयक लवादाने ती नाकारली. त्याचे शौर्य त्याच्या तुकडीतल्या इतर स्ट्रेचर उचलणाऱ्यांच्या शौर्यासारखेच होते, असा निर्वाळा दिला. निर्णय रास्त वाटतो, कारण ते इतर निदान त्या निमित्ताने तरी आठवले गेले.

गॅलिपोलीतील बीच दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावर त्याचे खरे आडनाव कोरलेले असून, खाली ‘२०२ प्रायव्हेट जे. सिम्प्सन’ (२०२ हा त्याचा सैनिकी क्रमांक) या नावाने सेवा केल्याची नोंद आहे.