महिला हँडबॉलचा युरोपियन कप: क्लबचा अर्ज कुठून जातो, कागदपत्रं काय लागतात

मे 2025 मध्ये आइसलँडच्या वालुर क्लबच्या मुलींनी 2024-25 चा युरोपियन कप जिंकला. स्पेनच्या पोरिन्योविरुद्धचा परतीचा सामना रेक्याविकमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, 25-24 असा सुटला. मैदानावर फरक एका गोलाचा, पण तिथवर पोहोचायला कागद बरेच लागतात.

मुळात क्लबने स्वतः अर्ज करायचाच नसतो. आपल्या सरकारी भाषेत सांगायचं तर सगळं ‘थ्रू प्रॉपर चॅनल’. क्लब आपल्या देशाच्या हँडबॉल महासंघाला कळवतो आणि महासंघ व्हिएन्नाच्या युरोपियन हँडबॉल महासंघाकडे, म्हणजे ईएचएफकडे, नाव पाठवतो. कोण कोणाशी खेळणार याची सोडत जुलैत निघते, त्यामुळे महासंघाची अंतर्गत मुदत त्याच्या बरीच आधी संपते. ती चुकली की लीग जिंकलेली असूनही वर्ष गेलं.

कोणत्या स्पर्धेत खेळायचं हेही क्लब ठरवत नाही. वर 16 संघांची चॅम्पियन्स लीग, तिच्याखाली युरोपियन लीग आणि तिसऱ्या पायरीवर हा युरोपियन कप. त्या देशाच्या क्लबांनी मागच्या काही हंगामांत काय कामगिरी केली त्यावर देशाचा कोटा ठरतो. वरच्या पायरीसाठी विनंती करता येते, पण तीही महासंघामार्फतच. जुनी माहिती वाचताना एक लक्षात ठेवा: 2020 पर्यंत याच स्पर्धेचं नाव चॅलेंज कप होतं.

भूगोलावर जाऊ नका. इस्रायल ईएचएफचा सदस्य आहे, इवलंसं फेरो बेटही आहे. रशिया आणि बेलारूसचे संघ मात्र 2022 पासूनच्या निलंबनामुळे 2024-25 च्या हंगामात नव्हते. भारतातल्या क्लबला इथे दार नाही. आपण आशियाई महासंघाखाली येतो.

पात्र ठरूनही काही छोटे क्लब नाव देत नाहीत, कारण पैसा. सामने घरी एक आणि बाहेर एक. प्रवासाचा खर्च पाहुण्या संघाचा, हॉल आणि पंचांचा भार यजमानावर. यावर सर्रास वापरला जाणारा तोडगा म्हणजे दोन्ही क्लबांनी संमती देऊन दोन्ही सामने शनिवार-रविवारी एकाच गावात उरकायचे. कागदावर त्यातला एक सामना पाहुण्यांचा ‘घरचा’ असतो. मला हे फारसं पटत नाही. आपल्या गावात युरोपचा सामना बघायची संधीच प्रेक्षकांच्या हातून जाते. पण संघ वाचतो. सोडतीनंतर माघार घेतली तर मात्र दंडाची तयारी ठेवा.

कागदपत्रांत महासंघाच्या सही-शिक्क्याचा प्रवेश अर्ज, हॉलची माहिती (मैदान 40 बाय 20 मीटर), दोन वेगळ्या रंगांचे गणवेश आणि खेळाडूंची नोंदणी. गोलरक्षकाचा रंग इतर सगळ्यांहून वेगळा हवा. हॉलवाल्याला राळेबद्दलही आधीच विचारून घ्या. चेंडू पकडीत राहावा म्हणून खेळाडू बोटांना चिकट राळ लावतात आणि ती जमिनीवर, गोलच्या खांबांवर, दरवाजांच्या मुठींवर उतरते. पालिकेचे कितीतरी हॉल ती लावूच देत नाहीत.

सगळ्यात रखडणारा कागद म्हणजे परदेशी खेळाडूचं आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र. करार झाला, सराव सुरू झाला, तरी हे हातात नसेल तर ती सामन्यात उतरू शकत नाही. युरोपातल्या युरोपात बदली असेल तर काम ईएचएफकडून होतं. पुण्या-नागपूरची एखादी मुलगी तिकडच्या क्लबमध्ये जाणार असेल तर खंड बदलतो, म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघही मध्ये येतो आणि शुल्क व शिक्के दोन्ही वाढतात. इथून सोडणारी सही आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या भारतीय संघटनेचीच लागते, तेव्हा ती कोणती हे आधी तपासा. वय 16 ते 23 मध्ये असेल तर जुना क्लब प्रशिक्षण भरपाई मागू शकतो. तो हिशेब लेखी मिटवून घ्या. आणि पर्यटक व्हिसावर करार करून खेळता येत नाही. त्या देशाचा राहण्याचा आणि कामाचा परवाना लागतो, आणि त्याच्या फायलीत क्लबचा सही केलेला करार जोडावा लागतो. म्हणून आधी करार, मग परवाना आणि बदलीचे अर्ज एकाच वेळी, विमानाचं तिकीट त्यानंतर.