मिसळलेलं निकेल आणि मुरवलेलं निकेल

बडोद्यात कलाभवनच्या आसपास फ्युएल सेलवर प्रोजेक्ट करणारी मराठी पोरं भेटली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "इन्फिल्ट्रेशन म्हणजे तेच निकेल-वायएसझेड हो, फक्त निकेल नंतर घालायचं." फ्युएल सेल म्हणजे इंधनापासून थेट वीज काढणारा सेल, त्याच्या इंधनाकडच्या बाजूला अ‍ॅनोड म्हणतात आणि तो निकेल आणि वायएसझेड (यट्रिया घातलेलं झिर्कोनिया, एक सिरॅमिक) यांचा करतात. इन्फिल्ट्रेशन म्हणजे त्यात धातू मुरवणं. सगळा घोळ त्या "फक्त"मध्येच आहे.

पावडर मिसळून केलेला सर्मेट (सिरॅमिक आणि धातू एकत्र) तुम्हाला माहीतच आहे. निकेल ऑक्साइड आणि वायएसझेड बॉल मिलमध्ये फिरवा, टेप (पातळ पट्टी) काढा, १३००-१४०० अंशाला भाजा, हायड्रोजनमध्ये रिड्यूस करा, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून निकेल करा, झालं. (आणि भट्टीतून निघालेल्या हिरव्या तुकड्याला लगेच निकेल म्हणू नका राव, तो अजून ऑक्साइडच आहे.)

दुसऱ्या पद्धतीत आधी नुसत्या वायएसझेडची सच्छिद्र जाळी भाजायची, मग तिच्यात निकेल नायट्रेटचं पाणी मुरवायचं, ४००-५०० अंशाला तापवायचं, परत मुरवायचं, परत तापवायचं. गुलाबजामाच्या खव्यातच साखर मळली तर तळताना करपतो, म्हणून आपण आधी तळून मग पाकात सोडतो ना, तसंच. धातूला ती १४०० ची भट्टी बघावीच लागत नाही आणि खरा फरक हाच आहे.

म्हणूनच तांबं चालतं. ते १०८५ अंशाला वितळतं, त्याचे ऑक्साइडही १४०० च्या आतच वितळतात, मिसळून भाजायला गेलात तर हातात काय उरणार? पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात गोर्ते आणि व्होस यांनी तांबं आणि सेरिया (सिरियम ऑक्साइड) मुरवूनच अ‍ॅनोड केले आणि २००० साली थेट हायड्रोकार्बनवर सेल चालवून दाखवला. निकेलवर कार्बनची काजळी धरते, तांब्यावर तशी धरत नाही.

दुसरं म्हणजे निकेलचे ते ३० टक्के. मिसळलेल्या सर्मेटमध्ये कण कुठेही पडतात, म्हणून करंटला सलग वाट मिळायला घन भागात साधारण ३० टक्के निकेल लागतं. मुरवलेलं निकेल भिंतींवरच बसतं, त्याला कमी पुरतं, तरी लोक इथेही ३० चा हिशोब लावून पोअर (छिद्रं) बुजवून टाकतात आणि मग गॅस जात नाही म्हणून रडतात! शिवाय ते टक्के आकारमानाचे आहेत, वजनाचे नाहीत. वजनाने ५६ टक्के निकेल ऑक्साइड घेतलं तर रिडक्शननंतर निकेल आकारमानाने ४० च्या आसपास येतं, कारण ऑक्साइडचं निकेल होताना आकारमान ४१ टक्के घटतं. नुसतं "टक्के" लिहिलेला रिपोर्ट मी पुढे वाचतच नाही.

उलट हवा शिरली तर निकेल परत ऑक्साइड होऊन फुगतं. मिसळलेल्यात तेच सांगाड्याचा भाग असल्यामुळे इलेक्ट्रोलाइटला (अ‍ॅनोडला चिकटलेल्या सिरॅमिक थराला) तडे जाऊ शकतात, मुरवलेल्यात फुगायला पोअरमध्ये जागा असते आणि सांगाडा सिरॅमिकचाच असतो.

मग सगळ्यांनी मुरवतच बसायचं का? नाही. ते बारीक कण ७००-८०० अंशाला हळूहळू एकत्र येऊन जाड होतात, वाट तुटते, आणि एवढं मुरवणं-तापवणं स्टॅकसाठी (एकावर एक रचलेल्या सेलच्या गठ्ठ्यासाठी) करणं म्हणजे डोक्याला ताप. स्टॅक करायचा असेल तर मी मिसळलेलंच घेईन, तांबं किंवा सेरिया तपासायचं असेल तरच मुरवायच्या भानगडीत पडेन.