‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि ‘फायनल फँटसी’: सारख्या भासणाऱ्या दोन सुरुवाती

चिंताग्रस्त राजा, पळवून नेलेली राजकन्या, दरबारात हजर झालेला अनोळखी वीर आणि किल्ल्याला लागूनच असलेल्या गावातले शस्त्रांचे दुकान, एवढ्या सामग्रीवर उभे राहिलेले हे दोन जपानी व्हिडिओ गेम ऐकीव माहितीवर एकमेकांत सहज मिसळतात. एनिक्स कंपनीचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ २७ मे १९८६ रोजी आला आणि स्क्वेअरचा ‘फायनल फँटसी’ १८ डिसेंबर १९८७ रोजी. दोन्ही निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम-यंत्रासाठी. पहिला गेम १९८९ मध्ये अमेरिकेत ‘ड्रॅगन वॉरियर’ या निराळ्याच नावाने विकला गेला आणि १ एप्रिल २००३ रोजी तर या दोन्ही कंपन्याच एकत्र आल्या, त्यामुळे गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. प्रत्यक्षात खेळायला बसल्यावर मात्र दोघांचे स्वभाव पहिल्याच तासात वेगळे पडतात, कारण एक गेम खेळणाऱ्याला शिकवत शिकवत बाहेर सोडतो, तर दुसरा त्याच्याकडून आधी निर्णय मागतो.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सुरुवात तांतेगेल किल्ल्याच्या सिंहासनकक्षात होते आणि त्या कक्षाचे दार बंद असते. राजाचे बोलणे संपल्यावर समोर तीन पेट्या दिसतात: एकीत १२० सुवर्णनाणी, दुसरीत मशाल, तिसरीत किल्ली. बटण दाबून यादी उघडायची आणि ‘घ्या’ हा आदेश निवडायचा, तेव्हा पेटी हाती लागते. पहारेकऱ्याशी बोलायचे तर ‘बोला’, कुलूप काढायचे तर ‘दार’, आणि खाली उतरायचे तर पायरीवर उभे राहून ‘जिना’ हा आदेशसुद्धा वेगळा द्यावा लागतो. आजच्या खेळाडूला हा शुद्ध छळ वाटेल. पण आदेश देत आपल्या पात्राचे बळ वाढवत नेण्याचा हा खेळप्रकार त्या काळी घरगुती यंत्रावर बहुतेकांना नवाच होता, आणि युजी होरी यांनी रचलेल्या या खोलीतून बाहेर पडेपर्यंत माणूस मुख्य आदेश वापरून मोकळा झालेला असतो. पुस्तिका न वाचताही खेळ समजावा, याची इतकी चोख व्यवस्था मला त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसलेली नाही.

बाहेर पडताच पाण्यापलीकडे ड्रॅगनलॉर्डचा किल्ला दिसतो. म्हणजे शेवटचा शत्रू कुठे बसला आहे हे पहिल्याच मिनिटात कळते. तिथे पोहोचायला मात्र संपूर्ण नकाशाला वळसा घालावा लागतो. वीर एकटाच असतो आणि शत्रूही एका वेळी एकच येतो. शेजारच्या ब्रेकोनरी गावात तांब्याची तलवार १८० नाण्यांना असते, तेव्हा ती परवडत नाही. ६० नाण्यांचा सोटा आणि २० नाण्यांचे साधे कपडे घेतले, तर उरलेल्या ४० मध्ये २४ नाण्यांची एक औषधी वनस्पती येते. स्लाइम या दुबळ्या राक्षसाला मारून अनुभवाचा एकच गुण मिळतो आणि दुसऱ्या लेव्हलला, म्हणजे बळाच्या पुढच्या पायरीला, ७ गुण लागतात. एक गंमत अशी, की वीराची ताकद आणि तिची वाढ त्याला दिलेल्या नावाच्या अक्षरांवरून ठरते, त्यामुळे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरू शकते.

‘फायनल फँटसी’मध्ये राजाचे तोंड दिसण्याआधीच सर्वांत मोठा निर्णय घेऊन टाकावा लागतो. योद्धा, चोर, मुष्टियोद्धा आणि लाल, पांढरा व काळा असे तीन जादूगार, या सहा प्रकारांतून चौघांचा चमू निवडायचा असतो, आणि ही निवड नंतर बदलता येत नाही. हिरोनोबु साकागुची यांनी रचलेल्या या गेममध्ये सुरुवात दरबारात नव्हे, तर कॉर्नेलिया या गावाच्या वेशीबाहेर उघड्यावर होते. गाठीला ४०० नाणी असतात आणि चौघांच्याही हातात काहीही नसते. विकत घेतलेले शस्त्र यादीत जाऊन प्रत्येकाच्या हाती स्वतः द्यावे लागते, आणि ते विसरले तर योद्धा रिकाम्या मुठींनीच लढत राहतो. जखमा भरणारा मंत्र १०० नाण्यांना, आगीचा मंत्रही १०० ला, साखळ्यांचे चिलखत ८० ला. त्यामुळे दुकानात जो खर्च होईल तो आधीच्या निवडीवर अवलंबून असतो. चार योद्धे घेणाऱ्याला मंत्रांचा खर्च नाही, पण जखमा भरण्यासाठी त्याला औषधांच्या बाटल्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

येथे शत्रू झुंडीने येतात. चौघांचे आदेश आधी देऊन मगच फेरी सुरू होते, आणि दोघांना एकाच राक्षसावर सोडले व तो पहिल्याच घावात मेला, तर दुसऱ्याचा वार हवेत जातो. त्यामुळे कोणाचा घाव किती बसतो आणि समोरच्यात किती जीव उरला असेल, याचा हिशेब पहिल्या लढाईपासूनच मनात ठेवावा लागतो. पहिला गेम असा हिशेब मागतच नाही.

राजकन्येच्या बाबतीत तर उलटाच प्रकार आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये तिची सुटका बऱ्याच उशिरा होते आणि ती न करताही गेम संपवता येतो. ‘फायनल फँटसी’त मात्र राजकन्या सारा हीच पहिली कामगिरी असते: जवळच्या पडक्या मंदिरात गारलँड नावाचा सरदार तिला घेऊन बसलेला असतो, त्याचे बळ अवघे १०६ गुणांचे, आणि त्याला हरवल्यावर राजा कृतज्ञतेने उत्तरेकडचा पूल बांधून देतो. तो पूल ओलांडताना चित्रासह प्रस्तावना उलगडते. इतर गेममध्ये जी कथा शेवटाला जाते, ती येथे नांदी ठरते. ही खोडी साकागुची यांनी जाणूनबुजून केली असावी, असे माझे मत आहे.

मरण आले तर काय, हा प्रश्न सुरुवातीच्या तासात सर्वाधिक सतावतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये वीर पुन्हा राजापुढे उभा राहतो, जवळची अर्धी नाणी गमावतो, पण मिळवलेला अनुभव शाबूत राहतो, म्हणून किल्ल्यापासून दूर जाऊन थोडा धोका पत्करणे शहाणपणाचे ठरते. ‘फायनल फँटसी’त चौघेही पडले तर शेवटच्या जतनापासून सर्व पुन्हा करावे लागते, म्हणून मंदिराकडे निघण्याआधी खानावळीत मुक्काम करून खेळ जतन करून ठेवणेच बरे. ‘फायनल फँटसी’च्या ‘पिक्सेल रीमास्टर’ या नव्या आवृत्तीत हवेत जाणारा वार उरलेला नाही आणि जतनाचीही सोय वाढली आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून ती खेळणाऱ्याने वरील हिशेब तिला जसाच्या तसा लावू नये.