एकांत कोठडी आली कुठून?

अंडा सेल, एकांतवास असं काही ऐकलं की वाटतं हे कुठल्यातरी क्रूर राजाचं डोकं असणार. पण नाही, ही कोठडी आणली सुधारकांनी, आणि तीही कैद्याचं भलं व्हावं म्हणून.

त्याआधी युरोपात जेल म्हणजे मुख्यतः खटला चालेपर्यंत डांबून ठेवायची जागा, खरी शिक्षा म्हणजे फटके, फाशी नाहीतर हद्दपारी. 1764 ला इटलीत बेकारिया नावाच्या विचारवंताने छळ आणि फाशीच्या विरोधात लिहिलं. मग जॉन हॉवर्ड 1773 ला इंग्लंडात बेडफर्डशायरचा शेरीफ, म्हणजे तिथल्या जेलची जबाबदारी असलेला अधिकारी, झाला आणि स्वतः जेलच्या आत जाऊन बघायला लागला, तर जेलरला पगारच नाही, तो कैद्यांकडून फी घेऊन पोट भरणार, आणि त्यामुळे कोर्टाने निर्दोष सोडलेली माणसंसुद्धा फी भरायला पैसे नाहीत म्हणून आतच सडतायत! 1777 ला त्याने हे सगळं छापलं.

तिकडे अमेरिकेत फिलाडेल्फियात 1787 ला डॉक्टर बेंजामिन रश आणि आणखी काही जणांनी कैद्यांसाठी संस्था काढली. त्यांचं म्हणणं, भुरटा चोर सराईतांच्या गर्दीत राहून अजून बिघडतो, त्याला एकटं ठेवा, बायबल द्या, तो आपोआप पश्चात्ताप करेल. यातूनच 1829 ला ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी नावाचं जेल सुरू झालं. मधोमध टेहळणीची जागा, तिथून सात विंगा फुटलेल्या. प्रत्येक कोठडीला छतात एक झरोका, मागे छोटंसं अंगण आणि आत संडासाची सोय, तेही व्हाईट हाउसमध्ये नळ नव्हता तेव्हा. खर्चात कसूर नाही केली. पण कैद्याला बाहेर काढलं की डोक्यावर बुरखा, म्हणजे त्याने कुणाला बघायचं नाही आणि कुणी त्याला. अशी वर्षानुवर्षं.

1842 ला इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि त्याने सरळ लिहिलं की मेंदूशी रोज चाललेला हा खेळ शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा भयंकर आहे. मला त्याचं शंभर टक्के पटतं, हेतू कितीही चांगला असला तरी माणसाचं माणसाशी बोलणंच काढून घेतलं होतं.

तरी हा नमुना जगभर गेला. अंदमानचं सेल्युलर जेल 1906 ला बांधून झालं, तिथेही मधे टॉवर, सात विंगा, एका कोठडीत एकच माणूस. फिलाडेल्फियात मात्र कैदी इतके वाढले की एका कोठडीत दोन-दोन ठेवावे लागले, आणि 1913 ला तिथे ही पद्धत अधिकृतपणे बंद झाली.