शिसव

शिसव (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) हा सह्याद्रीच्या पानझडी जंगलात सागाच्या सोबतीने वाढणारा शेंगवर्गीय वृक्ष.  पर्णिका गोलसर, टोकाशी बहुधा किंचित खाचलेल्या, शेंग चपटी. वाढ फार संथ, पण मुळांतून फुटवे येतात.

मराठीत 'काळाशिसवी' हा शब्द ज्यावरून आला, तो रंग फक्त गाभ्याचा. साली-लगतचे लाकूड पिवळट पांढरे असते. गाभा जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा. कापताना मंद गोड वास येतो. एक घनमीटर सुके लाकूड साधारण 850 किलो भरते, सागाचे साधारण 650. म्हणूनच शिसवी खुर्ची सरकवताना हाताला वजन लगेच कळते. वाळवी सहसा लागत नाही. मात्र लाकडात चुनखडीसारखे कण असतात आणि तंतू उलटसुलट, त्यामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते. नक्षी मात्र धारदार उठते. देव्हारा, चौरंग, पलंग, झोपाळ्याची फळी यांना शिसव निवडतात ते यासाठी. रंग देण्याची गरज नाही. चपड्याचे पॉलिश पुरते.

बाजारात पुष्कळदा फसगत होते. उत्तर भारतातला शिसम (डाल्बर्जिया सिसू) हे वेगळे झाड आहे. त्याची पाने टोकदार, लाकूड सोनेरी तपकिरी. तेही चांगले, पण शिसव नव्हे. खरेदी करताना वस्तू उलटी करून पॉलिश न लागलेला भाग जरूर पाहावा: शिसवाचा काळसरपणा आतपर्यंत असतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांची दांडी तुणीच्या हलक्या लाकडाची असते. खुंट्यांना मात्र कठीण लाकूड हवे, कारण तारेचा ताण त्या पेलतात. तिथे शिसव चालतो.

2 जानेवारी 2017 पासून शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली. नवे जाड खोड दुर्मीळ झाल्याने जुन्या लाकडाला मोल आले आहे. जुन्या पलंगाची पाटी रंध्याखाली घेतली, की काळवंडलेला थर निघून जांभळी झाक पुन्हा वर येते.