काळी स्क्रीन आणि वाचलेली वीज

चवथीला फोंड्याच्या घरी जमलो की भावंडांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘स्क्रीन काळी ठेवा, वीज वाचवा.’ समजूत जुनी आहे. गूगलचं पान काळं केलं तर वर्षाला 750 मेगावॉट-तास वाचतील, असा हिशेब 2007 साली फिरला. त्यावरून ‘ब्लॅकल’ नावाचं काळं पानही निघालं. पण तो हिशेब होता जुन्या डबडा मॉनिटरचा.

एलसीडी, म्हणजे आताच्या बऱ्याच लॅपटॉपची चपटी स्क्रीन. तिच्यात मागचा दिवा पेटलेलाच असतो. काळा रंग म्हणजे दिव्यापुढे ओढलेला पडदा. काकाच्या लॅपटॉपवर काळं चित्र लावून खोलीतले दिवे बंद केले, तर कडांतून उजेड झिरपत होता. ओएलईडी स्क्रीनमध्ये मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे काळा ठिपका खरोखर विझतो. तिथे बचत आहे, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या 2021 च्या मोजणीत 30 ते 50 टक्के ब्राइटनेसला ती सरासरी 3 ते 9 टक्केच भरली.

शिवाय फोनचा बहुतेक कार्बन भार कारखान्यातच पडतो, आपण चार्जर लावण्याआधी. माझी आते म्हापशात नवी बॅटरी घालून जुनाच फोन वापरते. तिची स्क्रीन पांढरीफटक. अक्षरं दिसायला नकोत?